टपावरच्या बिबड्या

तोताराम नाना सांत्वनाला आले तेव्हा त्यांच्या मुनिमाच्या हातात शाईचं पॅड होतं. मेल्या घरी कोणी फुलं आणतं, कोणी चहा-साखर आणतं, ज्याच्याकडे काहीच नसतं तो डोळ्यांत पाणी तरी आणतो. नानांनी शाई आणली.

भिकन सुरवाडे कावीळ होऊन गेला, त्याला अजून पंधरवडाही झाला नव्हता. जळगावच्या मेहरूणमध्ये, बुद्धविहारासमोर त्याचं दोन खोल्यांचं घर. अंगणात सतरंजी अंथरलेली, आणि रस्त्यापलीकडे चिंचेखाली त्याचा ट्रक उभा. आजारी पडला त्या दिवशी त्याने जिथे लावला होता तिथेच. नाना खुर्चीवर बसले, रुमाल डोळ्यांना लावला आणि माझा उजवा हात गेला म्हणाले. मग त्याच उजव्या हाताने त्यांनी खूण केली आणि रुपचंद मुनिमाने एक कागद भिकनच्या बायकोपुढे धरला.

"हाई काय शे?" झुंबरबाईने विचारलं.

"काही नाही वहिनी," रुपचंद म्हणाला. "ट्रकचं परमिट भिकनच्या नावावर होतं. ते नानांच्या नावावर व्हायचंय. तुमची हरकत नाही एवढंच. अंगठा इथे."

"गाडी मनीच शे, झुंबर," नाना समजुतीच्या सुरात म्हणाले. "बठ्ठा जळगावले ठावं शे. कोटामा परमिट भेटस म्हनीसन भिकन्यानं नाव लावेल व्हतं. तुले मी शिलाई मशीन देसू. घर बसीसन काम कर, सुखी ऱ्हाय."

रुपचंदने पॅडचं झाकण उघडलं. झुंबरबाईने त्या निळ्या शाईकडे पाहिलं आणि मग नानांकडे पाहिलं.

"माले सही येस, नाना."

मुनिमाचा चेहरा उजळला. त्याने खिशातलं पेन काढून दिलं. झुंबरबाईने ते घेतलं, कागदाची घडी केली, पेन घडीत ठेवलं आणि दोन्ही परत त्याच्या हातात दिलं.

"येस. पन करनार नही," ती म्हणाली. "आन मना मानूसनं नाव भिकन्या नही शे. भिकन ओंकार सुरवाडे. गाडीना दरवाजावर लिखेल शे, जाता जाता वाची ल्या."

नानांना उभ्या जळगावात असं कोणी बोललं नव्हतं. ते उठले, अंगरख्याच्या सुरकुत्या झटकल्या आणि चहा न घेता गेले. ट्रकच्या दरवाजावरचं नाव मात्र त्यांनी वाचलं नाही.

आता परमिट म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं. ही गोष्ट पंच्याऐंशी सालातली. तेव्हा ट्रक विकत घेणं एक वेळ सोपं होतं, पण राज्याची हद्द ओलांडून तो दिल्लीपर्यंत न्यायचा तर नॅशनल परमिट लागायचं, आणि ती परमिटं मोजकी होती. जळगावची केळी जायची दिल्लीला. म्हणजे ज्याच्याकडे परमिट त्याच्याकडे दिल्लीची वाट, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा ट्रक म्हणजे नुसतं चाकं लावलेलं लोखंड. त्यातली काही परमिटं सरकारने मागासवर्गीयांसाठी राखून ठेवली होती. पैसेवाल्यांनी त्यावर तोड काढली. आपल्याच ड्रायव्हरच्या नाहीतर हमालाच्या नावाने अर्ज करायचा, परमिट मिळालं की त्याच्याच नावावर गाडी आपल्या पैशाने घालायची आणि त्या बिचाऱ्याला स्टिअरिंगवर बसवायचं. मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि आयत्या बिळावर नागोबा. बाजारात हे इतकं सर्रास चाले की एखाद्या बौद्धवाड्यातल्या माणसाचा खरोखर स्वतःचा ट्रक असेल, यावर लोकांचा विश्वासच बसत नसे.

भिकनचा ट्रक खरोखर त्याचा होता. तो कितीतरी वर्षं नानांकडे ड्रायव्हर होता, हे खरं. अर्ज कर, गाडी मी घालतो, असं नानांनीच त्याला सांगितलं होतं, हेही खरं. पण परमिट हातात पडल्यावर भिकन घरी आला, बायकोच्या पाटल्या आणि गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला, उरलेल्याला बँकेचं कर्ज काढलं आणि एक जुना टाटा विकत घेऊन चिंचेखाली आणून उभा केला. नानांनी ओठ चावले. पण केळीच्या हंगामात गाडीची गरज त्यांनाही होती. मग ट्रकच्या कपाळावर 'तोताराम रोडलाइन्स' असं मोठ्या अक्षरांत लागलं, कारण माल नानांच्या ऑफिसातून मिळायचा. आणि दरवाजावर बारीक अक्षरांत भिकनचं नाव. लोक कपाळ वाचतात, दरवाजा कोण वाचतो? पाच वर्षं अख्खा बाजार म्हणत राहिला, भिकन नावापुरता, गाडी नानांची.

भिकन हे हसण्यावारी न्यायचा. फक्त वर्षातला एक दिवस तो हसत नसे. चौदा एप्रिल. त्या दिवसांत केळी कापून पडलेली असते, ऊन तिला थांबू देत नाही, गाड्यांसाठी ओढाताण चाललेली असते. नाना माणसावर माणूस पाठवायचे. भिकन ट्रक घेऊन मेहरूणच्या तलावावर जायचा, घासून धुवायचा, निळी पताका लावायचा, आणि संध्याकाळच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा त्याच्याच ट्रकवर असायची. पुढे तो, शेजारी झुंबरबाई. "माल तुमना, गाडी मनी. चौदाले भेटनार नही," असा निरोप नानांना जायचा आणि नाना दुसरी गाडी शोधायचे.

म्हणूनच त्या कागदावर सही करणं झुंबरबाईला जमलं नाही. परमिट गेलं असतं तरी पोट कसंही भरलं असतं. दाळमिलमध्ये काम होतं आणि तिचे हात धड होते. पण एकदा सही झाली की तिचा नवरा नावापुरताच होता असं सरकारदरबारी कायमचं लागलं असतं. पाच वर्षं त्याने सेंधव्याच्या घाटात उपसलेले कष्ट, तिच्या पाटल्या, तलावावरची ती सकाळ, सगळंच नानांच्या खात्यावर. ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

धुळ्याला अहिरे नावाचे वकील होते. तरुण होते, झुंबरबाईच्या सासूच्या माहेरकडच्या नात्यातले. झुंबरबाई आपल्या चुलतदिराला, पुनाला घेऊन त्यांच्याकडे गेली. पुनाही ड्रायव्हर, भिकनच्याच हाताखाली शिकलेला. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं.

"नानांकडे भिकनभाऊंनी दिलेलं मुखत्यारपत्र असेल," ते म्हणाले. "ऑफिसातल्या कामासाठी घेतलेलं. त्याला भिऊ नका, माणूस गेला की ते संपतं. कायदा एवढंच म्हणतो की परमिटवाला वारला तर त्याच्या गाडीचा ताबा ज्याच्याकडे येतो, त्याला तीन महिन्यांच्या आत परमिट आपल्या नावावर मागता येतं. तुमचा अर्ज मी आज देतो. नाना हरकत घेणार. म्हणणार, भिकन नोकर होता, ताबा आधीपासून माझाच. मग सुनावणी लागेल. तोवर एक करा. गाडी हातची जाऊ देऊ नका. ती एकदा नानांच्या आवारात उभी राहिली की मी कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग नाही."

"म्हनजे मी गाडीमाच ऱ्हावाले जाऊ का?"

"तसंच समजा, अक्का," वकील हसून म्हणाले.

वकील गमतीने बोलले होते. झुंबरबाईने गमतीने ऐकलं नव्हतं.

नानांनीही हातावर हात ठेवून बसायचं ठरवलं नव्हतं. झुंबरबाई दाळमिलमध्ये जायला लागली तशी एका दुपारी रुपचंद एका ड्रायव्हरला घेऊन हजर झाला. त्या जुन्या गाड्यांना किल्लीचं फारसं सोयरसुतक नसतं. कोणतीही घाला, थोडी हलवा, इंजिन गुरगुरतं. घरी एकटी सासू, द्रौपदाबाई. म्हातारीने आरडाओरडा केला, विहारात बसलेली माणसं धावली, पुना नेमका घरी होता तो गाडीपुढे उभा राहिला, म्हणून त्या दिवशी ट्रक वाचला. "नानांची गाडी नानांकडे न्यायला आलो, यात चोरी कसली," असं रुपचंद भर रस्त्यात म्हणाला. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

झुंबरबाई संध्याकाळी आली तेव्हा द्रौपदाबाई ट्रकच्या पायरीवर बसून होती. पुना म्हणाला, मी इथेच बसून राहतो. पण पुनालाही पोट होतं, तो रोज किती दिवस चिंचेखाली बसणार? शेजारच्या मंदाबाई तेवढ्यात आल्या. त्यांना रडगाणं ऐकवायचं होतं ते वेगळंच. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे दिवस आले, ज्वारी भिजायला घातली, आणि घरांची सपाट मातीची धाबी पाडून सिमेंटचे पत्रे बसवल्यापासून वाळवण घालायला जागाच उरली नाही. चार घरांत मिळून दोन बाजा, त्यांवर काय काय घालणार.

झुंबरबाईने ट्रककडे पाहिलं. मागे लांबरुंद हौदा, त्याच्यावर ताडपत्री ताणली तर अंगणच. पुढे केबिनचा टप. त्याच्यापुढे बॉनेट.

"मंदाताई," ती म्हणाली, "मनी गाडीना टप मोकळा शे."

मंदाबाई घुटमळल्या. कारण ज्या घरात माणूस गेलं त्या घरी त्या साली पापड-बिबड्या घालत नाहीत. बौद्ध झाले तरी बायकांच्या मनातून काही गोष्टी एकदम जात नाहीत. लोक काय म्हणतील, हे त्या बोलल्या नाहीत, पण तोंडावर दिसलं. उत्तर द्रौपदाबाईने दिलं.

"पोऱ्या मना गया," म्हातारी म्हणाली. "दुख मनं शे. आन मीच सांगस, घाला बिबड्या. त्याले बी भू आवडेत."

मग काय विचारता. ज्वारी भिजून आंबून तयार झाली त्या दिवशी सकाळी उजाडताच ट्रकच्या मागच्या चाकाजवळ तीन दगडांचं चुलवण पेटलं. केवढं तरी पातेलं चढलं. लसूण, जिरं, तीळ, मिरची पडली आणि चार बायका आळीपाळीने लाकडी चाटूने घाटा घोटायला लागल्या. हौद्यावरची ताडपत्री धुऊन घट्ट ताणली. टपावर जुनं धोतर अंथरलं, बॉनेटवर लुगडं. बायका ओल्या फडक्यावर बिबड्या थापत होत्या आणि झुंबरबाई ट्रकवर उभी राहून एक एक हलक्या हाताने पसरत होती. ऊन चढेपर्यंत त्या ट्रकचा वरचा भाग टाटाने बनवलाय की ज्वारीने, हे कळेनासं झालं. कावळे हाकायला द्रौपदाबाई काठी घेऊन बसली. कुठे बसली, तर ड्रायव्हरच्या सीटवर. तिथे सावली होती आणि समोरच्या काचेतून बॉनेटवर लक्ष ठेवता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या सीटवर बसली आणि तिला ती जागा आवडली.

रुपचंद आला तो त्याच दिवशी. या खेपेला त्याने एरंडोलचा चिंधा नावाचा ड्रायव्हर आणला होता. अंगाने आडमाप, हात फावड्यासारखे. पुना मध्ये आला तर त्याला बाजूला करता यावं, हा हिशेब. चिंधा झपाझप ट्रकपर्यंत आला आणि थांबला. पायरीवर पाय ठेवायचा तर तिथे बिबड्यांची ताटं. चाकावरून चढायचं तर वर ताडपत्री.

"मुनिमजी, पाय कोठे ठेवू?" त्याने विचारलं. "बठ्ठीकडे बिबड्या शेतस."

"ठेव कुठेही. चढ वर."

चिंधाने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो देवळात चपला घालून जायला सांगत होता. बायामाणसांनी अंग मोडून घातलेल्या वाळवणावर पाय देणारा माणूस खान्देशात अजून जन्माला यायचाय. आणि खान्देशात आणखी एक रीत आहे. बिबड्या चालू असताना दारात कोणीही आलं, ओळखीचं असो नाहीतर वाटसरू असो, त्याला गरम घाटा खायला घालायचा, वर कच्च्या तेलाची धार. नाही म्हणायची सोय नसते, आणि नाही म्हणावंसं वाटेल असा तो वासही नसतो.

"बस रे भाऊ," द्रौपदाबाई सीटवरून म्हणाली. "चुलावरून आत्तेच उतरेल शे."

झुंबरबाईने वाटी भरून पुढे केली. एकदा तिने चिंधाकडे नीट पाहिलं. तो कोणाकडून आणि कशासाठी आलाय हे तिला चांगलं माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्यालाही कळलं. चिंधा चपला काढून मांडी घालून बसला. पहिली वाटी संपली, दुसरी संपली. रुपचंद चिंचेखाली उन्हात पाय आपटत होता. त्यालाही वाटी नेली होती, त्याने हात आडवा केला.

"झालं का खाऊन? चल आता."

चिंधाने बोटं चाटली आणि उठला. "ज्या घरना घाटा खादा, मुनिमजी, त्या घरनी गाडी मी नही नेवाव," तो म्हणाला. "माले एरंडोलनी मोटरमा बसाडी द्या."

रुपचंदचा तोल गेला. त्याने स्वतःच चढायला एक पाय उचलला. द्रौपदाबाईने काठी बॉनेटच्या कडेवर टक्कन आपटली. "आधी जोडा काढ," ती म्हणाली. मुनिमाने खरोखर खाली वाकून जोडा काढला. मग एक पाय उघडा आणि एक पाय जोड्यात, अशा अवतारात त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायका हातातलं थापणं थांबवून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांतली एकही हसत नव्हती. त्याने जोडा परत घातला.

त्यानंतर तो ट्रक मोकळा असा राहिलाच नाही. बिबड्या झाल्या की कुरडया, कुरडया झाल्या की नागलीचे पापड, मग शेवया. बातमी पसरली तशा पलीकडच्या गल्लीतल्या बायका यायला लागल्या. आमच्याही घाला म्हणून नंबर लागले. ज्या बाजाराने भिकन नावापुरता म्हटलं होतं त्याच बाजारातल्या बायका आता विचारायच्या, "झुंबरबाईना ट्रकवर आज कोन शे?" हे झुंबरबाईच्या कानावर पहिल्यांदा आलं तेव्हा ती दाळमिलमध्ये सूप घेऊन पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि धूळ गेली म्हणाली.

सुनावणीची तारीख लागली ती जयंतीच्या दोन दिवस आधीची. धुळ्याला जायचं तर ट्रक कोणाच्या भरवशावर ठेवायचा? म्हणून ट्रकनेच जायचं ठरलं. पुना चालवायला, मध्ये द्रौपदाबाई, खिडकीशी झुंबरबाई. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. टपावर आदल्या दिवशीच्या शेवया वाळत होत्या, त्या काढायला वेळ झाला नाही म्हणून नुसतं फडकं घट्ट बांधून घेतलं होतं.

आरटीओच्या ऑफिसात लाकडी बाकं होती आणि पंखा होता. टेबलामागे बसलेले साहेब चष्मा कपाळावर सरकवून वाचणारे, कमी बोलणारे. एका बाकावर नाना, रुपचंद आणि त्यांचे वकील. दुसऱ्यावर झुंबरबाई, सासू आणि अहिरे वकील. पुनाला गाडीजवळच ठेवलं होतं.

नानांचे वकील वयस्क आणि वजनदार होते. त्यांनी सुरुवात चांगली केली. मयत भिकन हा नानांचा पगारी ड्रायव्हर. गाडीच्या कपाळावर नाव नानांच्या कंपनीचं. माल नानांचा. परमिट केवळ नावापुरतं त्याच्या नावे. गाडीचा ताबा पहिल्यापासून आजपर्यंत नानांकडे. झुंबरबाई ऐकत होती आणि तिच्या हाताच्या मुठी वळत होत्या. नावापुरतं हा शब्द त्यांनी किती सहज वापरला.

"शिवाय साहेब, ही बाई गाडीचं वाट्टेल ते करते आहे," वकिलांना रंग चढला. "आमच्या लेखी हरकतीत सगळं आहे. ट्रकवर पापड घालते. बिबड्या घालते. चाकाशी चूल पेटवते. गाडीचं हिने अंगण करून टाकलंय. आमची माणसं दोनदा गेली, दोन्ही वेळा हिने गाडीला हात लावू दिला नाही. सासूला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, साहेब, काठी घेऊन."

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "म्हणजे गाडी आज यांच्याकडे आहे."

"तसं नव्हे—"

"तुम्हीच सांगताय. तुमच्या माणसांना हात लावू दिला नाही म्हणताय." ते अहिरे वकिलांकडे वळले. "गाडी कुठे आहे आता?"

"गेटवर उभी आहे, साहेब. त्याच गाडीने आलेत."

वजनदार वकिलांनी खाकरून विषय बदलला. ताबा आज असेल जबरदस्तीने, पण धंदा चालवणं बाईमाणसाचं काम नाही, दिल्लीपर्यंत गाडी कोण नेणार, वगैरे. साहेबांनी झुंबरबाईला विचारलं, "बाई, ट्रक कसा चालवाल तुम्ही?"

झुंबरबाई उभी राहिली. "साहेब, नाना कसे चालवतात? त्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही. घाटात बसले तर लिंबू चघळतात. ते माणूस ठेवतात, मीबी ठेवेन. मना दीर ड्रायव्हर आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे, साहेब. परमिट मिळालं नाही तर मी दाळमिलमध्ये जाईन. माझा नवरा नोकर होता, हे लिहू नका. तो मालक होता."

"मालक!" नाना बाकावरून उठले. वकिलांनी त्यांची बाही धरली, त्यांनी ती सोडवली. इतक्या आठवड्यांचा राग त्यांच्या नाकाशी आला होता, आणि त्याच्याही मागे पाच वर्षांचा होता. "साहेब, काय माज होता त्या माणसाचा, तुम्हाला ठाऊक नाही. दर वर्षी याच दिवसांत मी त्याच्या दारात माणसं पाठवली. केळी कापून पडलेली, दिल्लीचा व्यापारी फोनवर शिव्या घालतोय, आणि हा चौदा तारखेला तलावावर गाडी धूत बसायचा. मी, तोताराम, विनवण्या करायचो. एक वर्ष ऐकलं असेल तर शपथ."

"मग दुसरा ड्रायव्हर बसवायचा," साहेब म्हणाले. "नोकर ऐकत नाही तर दुसरा."

"बसवणार कसा?" नाना ओरडले. "गाडी त्याची!"

पंखा फिरत होता. रुपचंदने खाली मान घातली. वजनदार वकिलांनी फाईल मिटली आणि तिच्या दोऱ्याची गाठ मारत बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नाना अजून उभे होते. आपण काय बोललो हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

झुंबरबाई मात्र बसली. पाच वर्षं अख्ख्या बाजाराने जे मानलं नव्हतं ते नानांच्या तोंडून, भर ऑफिसात, मोठ्याने निघालं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. द्रौपदाबाईने सुनेचा हात आपल्या हातात घेतला. साहेब बाजूच्या कारकुनाला हळू आवाजात हुकूम सांगत होते. मयत परमिटधारकाची पत्नी, गाडीचा ताबा तिच्याकडे, हरकत फेटाळली, परमिट तिच्या नावे करण्यात यावं. अहिरे वकील सगळं कळण्याआधीच उभे राहून आभार मानायला लागले होते.

बाहेर ऊन रणरणत होतं. पुना गाडीला टेकून उभा होता. बातमी ऐकल्यावर त्याने दरवाजावरचं भिकनचं नाव बाहीने पुसलं. द्रौपदाबाईला वर चढवायला दोघांनी हात दिला.

नाना गेटपाशी येऊन थांबले. घामाने त्यांचा अंगरखा पाठीला चिकटला होता. पण धंद्याचा माणूस तो. हरला तरी हंगाम थांबत नाही, आणि हंगामात गाड्या मिळत नाहीत. रुपचंदने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. नाना दोन पावलं पुढे आले.

"झुंबर," ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "झालं ते झालं. परमिट भेटनं, पन माल कोन देई तुले? जळगावमा बुकिंग मनंच शे. मी राग धरत नही. सावदाले केळी कापेल पडेल शे, पयला माल तुलेच देस." ते थांबले आणि तिच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "चौदाले सकाळी गाडी लाव."

पुनाने चमकून वहिनीकडे पाहिलं. सासूने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. कर्जाचा हप्ता डोक्यावर होता, गाडी दोन महिने उभी होती आणि नाना म्हणत होते ते खोटं नव्हतं. माल त्यांच्याच हातात होता. हे सगळं झुंबरबाईला ठाऊक होतं. एक पाय पायरीवर ठेवून ती नानांकडे वळली.

"माल तुमना शे, नाना," ती म्हणाली. "गाडी मनी शे. चौदाले भेटनार नही. पंधराले या इचाराले."

हेच शब्द नानांनी पाच वर्षं ऐकले होते, दर वेळी निरोपातून. समोरासमोर पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी रुपचंदकडे पाहिलं. रुपचंद ट्रकच्या टपावर बांधलेलं शेवयांचं फडकं पाहत होता.

"पंधराले किती वाजता?" नानांनी विचारलं.

"सकायले या. घरीच शे मी," झुंबरबाई म्हणाली आणि वर चढून खिडकीशी बसली. "चाल पुना. गाडी धोवाले टाकनी शे."